गिन्नी माहीचा दुसरा अल्बम : बातमी झाली, समीक्षा कोण करणार?

आपल्या माणसाच्या गाण्याची बातमी होते, समीक्षा होत नाही. प्रस्थापितांच्या घरातला गवई गायला तर त्याच्या सुरावर, ठेक्यावर, शब्दांच्या निवडीवर चार-चार रकाने भरतात. आपला गायला की लिहितात ते त्याची जात, त्याच्या बापाचा धंदा, त्याच्या वस्तीचा पत्ता. गाणं राहतं बाजूला. वाचणाऱ्याला वाटतं आपला गौरव झाला. मला वाटतं, हा सभ्य भाषेतला वेशीबाहेरचा मुक्काम आहे. तुम्ही गायलात हेच पुष्कळ, कसं गायलात ते आम्ही विचारणार नाही, असा त्याचा अर्थ होतो.

पंजाबातल्या गिन्नी माही या पोरीच्या दुसऱ्या अल्बमचं नेमकं हेच झालं. त्याचा हिशेब मला या पानांवर मांडायचा आहे. समुद्रपुरात बसून जालंधरच्या गाण्यावर काहून लिहितो, असं कोणी विचारेल. साधं उत्तर आहे. आपल्या तालुक्यातल्या पोट्ट्यांच्या मोबाइलात ती गाणी पोचली आहेत. "भाऊ, शब्द सारे नाई समजत, पन गानं लय भारी हाय," असं एक जण मला म्हणाला. शब्द समजत नाहीत आणि तरी गाणं भारी वाटतं, तेव्हा त्या भारीपणात काय काय आहे ते तपासलं पाहिजे. कार्यकर्त्याचं ते काम आहे.

आधी माहिती नीट घेऊ. गिन्नी माहीचं खरं नाव गुरकंवल भारती. जन्म १९९८ चा, गाव जालंधर. रविदासिया समाजातली, म्हणजे ज्यांना पंजाबात चमार म्हणून हिणवलं गेलं त्या समाजातली. शाळेच्या वयापासून ती स्टेजवर गात आली. २०१५ मध्ये 'गुरां दी दीवानी' हा तिचा पहिला अल्बम आला आणि २०१६ मध्ये 'गुरपुरब है कांशी वाले दा' हा दुसरा. तेव्हा तिचं वय होतं सतरा-अठरा. नावातला 'कांशी' वाचून आपल्यातल्या अनेकांना कांशीरामजी आठवतील. पण हा कांशी म्हणजे काशी. काशीवाले म्हणजे गुरू रविदास, आणि गुरपुरब म्हणजे गुरूची जयंती. दोन्ही अल्बम गुरूच्या गौरवाचे आहेत. देशभर तिचं नाव गाजलं ते मात्र दुसऱ्याच दोन गाण्यांनी : 'फॅन बाबा साहिब दी' आणि 'डेंजर चमार'. ही सुटी गाणी यूट्यूबवर लाखो वेळा पाहिली गेली. दुसरा अल्बम त्यांच्या सावलीत गेला तो गेलाच.

हे असं का झालं, ते पंजाबची जमीन पाहिल्याशिवाय कळणार नाही.

२०११ च्या जनगणनेत पंजाबात अनुसूचित जातींची लोकसंख्या जवळजवळ ३२ टक्के निघाली. देशातल्या कोणत्याही राज्यात एवढं प्रमाण नाही. पण शेतजमीन पाहा, ती बहुतेक सगळी जट्टांच्या हातात. गावच्या सामायिक जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा कसायला दलितांना द्यावा असा तिथला १९६१ चा कायदा सांगतो, तरी तो हिस्सा मिळवायला आजच्या पिढीला मोर्चे काढावे लागले, लाठ्या खाव्या लागल्या. आणि ज्याच्या हाती जमीन त्याच्याच हाती गाणं. वर्षानुवर्षं पंजाबी पॉपमध्ये जट्टाचा पोरगा, त्याचा ट्रॅक्टर, त्याची जीप, त्याची बंदूक, त्याची मिशी. बाकीच्यांनी लग्नात त्याच गाण्यावर नाचायचं.

याच पंजाबात दुसरा प्रवाहही जुना आहे. मंगूराम यांनी १९२६ मध्ये आद-धर्म चळवळ उभी केली आणि १९३१ च्या जनगणनेत चार लाखांवर लोकांनी आपला धर्म आद-धर्मी असा नोंदवला. बाबासाहेब १९५१ मध्ये जालंधरला आले होते. जालंधरच्या बूटा मंडीत कातड्याच्या धंद्यातून आपल्या माणसांच्या हाती पैसा आला. दुआबातली हजारो माणसं इंग्लंड, इटली, ऑस्ट्रिया, कॅनडात गेली. तिथल्या मजुरीतून डेरे उभे राहिले, शाळा-दवाखाने उभे राहिले. मग २४ मे २००९ ला ऑस्ट्रियात, व्हिएन्नाच्या गुरुद्वाऱ्यात डेरा सचखंड बल्लांच्या संतांवर हल्ला झाला, त्यात संत रामानंद मारले गेले. पंजाब पेटला. ३० जानेवारी २०१० ला काशीजवळच्या सीर गोवर्धनपूरला वेगळ्या रविदासिया धर्माची घोषणा झाली. त्यानंतर गाण्यांची लाटच आली. जट्टाच्या पोराला उत्तर म्हणून चमाराचा पोरगा गाण्यात आला. गाडीच्या काचेवर जात लिहिली गेली, ती अभिमानाने.

गिन्नी या लाटेवर आली. म्हणून तिच्या गाण्याचा ग्राहक कोण, हे आधी ओळखलं पाहिजे. तो आहे जयंतीला जमणारा समाज, डेऱ्याचा भक्त, आणि परदेशातून पैसा पाठवणारा चुलता-मामा. पहिला अल्बम गायिकेच्या हौसेवर आणि घरच्यांच्या हिमतीवर निघतो. दुसरा निघतो तो पहिल्याला गिऱ्हाईक भेटलं म्हणून. त्यामुळे कलावंताची खरी परीक्षा दुसऱ्या अल्बमात असते. बाजाराने काय मागितलं आणि तिने काय दिलं, ते तिथे उघडं पडतं.

'गुरपुरब है कांशी वाले दा' या अल्बमात मला ही परीक्षा अर्धी पास झालेली दिसते.

पास झालेला अर्धा आधी सांगतो. ही पोरगी अशा बाजारात उभी आहे जिथे गाण्यातली बाई फक्त पाहायची वस्तू असते. जट्टाच्या गाण्यात तसं आणि त्याला उत्तर देणाऱ्या आपल्या पोरांच्या गाण्यातही पुष्कळदा तसंच. गिन्नी त्या जागेवर पाहायची वस्तू म्हणून उभी राहत नाही. ती तिथे बोलणारी म्हणून येते. आवाज मोकळा, वर चढणारा, ढोलाच्या दणक्याला पुरून उरणारा. लोकगीताच्या तालमीतला तो आवाज आहे. स्टुडिओतल्या यंत्राने तो गुळगुळीत करायचा प्रयत्न केला तरी त्याची धार मरत नाही. अठरा वर्षांची पोर हजारोंच्या मेळाव्यात आपल्या गुरूचं नाव घेऊन उभी राहते, ही गोष्ट लहान नाही.

इथे आपले काही मित्र नाक मुरडतील. म्हणतील, हे तर भक्तीचं गाणं, यात आंबेडकरवाद कुठे? त्यांना मी एकच आठवण देतो. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ अर्पण केला तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला. रविदासाचं नाव घेतलं म्हणून कोणी परका होत नाही. प्रश्न नाव घेण्याचा नाही. कोणता रविदास घेतला, हा प्रश्न आहे.

आणि नापास अर्धा इथून सुरू होतो. रविदासाने बेगमपुरा सांगितला. दुःख नसलेलं, कर नसलेलं, भीती नसलेलं, कोणी दुय्यम-तिय्यम नसलेलं गाव. पाचशे वर्षांपूर्वी एका कातडं कमावणाऱ्याने मांडलेला तो आराखडा आहे. दुसऱ्या अल्बमाच्या नावात मात्र उत्सव आहे, आराखडा नाही. गुरूची जयंती आली, नाचा, गा, आनंद करा. उत्सव वाईट नाही. ज्या माणसांना शतकानुशतकं सणात मागे उभं केलं त्यांना स्वतःचा सण हवाच. पण सणाचं गाणं सणापुरतं चालतं. पुढच्या वर्षी नवं निघतं, जुनं विसरतात. बाजाराला तेच पाहिजे असतं. दर वर्षी तीच पोळी नव्या तव्यावर.

आता गाजलेल्या दोन गाण्यांकडे वळतो, कारण बाजाराने कौल दिला तो त्यांना.

'डेंजर चमार'ची कथा गिन्नीने मुलाखतींतून सांगितली आहे. कॉलेजात एका मुलीने जात विचारली. हिने सांगितली. ती म्हणाली, चमार तर डेंजर असतात. हा शब्द घेऊनच गाणं झालं. आम्ही हत्यारापेक्षाही डेंजर, असं ते म्हणतं. शिवी उचलायची आणि शिवी देणाऱ्याच्याच तोंडावर तिचा बिल्ला करून मिरवायचा, हा जगभरच्या दडपलेल्या माणसांचा जुना डाव आहे. अमेरिकेत काळ्यांनी केला, आपल्या कवींनीही केला. त्याने अंगात बळ येतं, हे मी नाकारत नाही. पण त्याच जागी थांबलं तर काय होतं? जट्ट म्हणतो मी डेंजर, चमार म्हणतो मी जास्त डेंजर. भाषा त्याची, ठेका त्याचा, मापही त्याचंच. फक्त नाव बदललं. जात तशीच उभी राहते, उलट तिला लाउडस्पीकर मिळतो.

आणि ही गोष्ट पंजाबच्या संदर्भात जास्तच टोचते. 'जातिनिर्मूलन' हे भाषण बाबासाहेबांनी लिहिलं कोणासाठी? पंजाबातल्या लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी, १९३६ साली. मंडळाने ते होऊ दिलं नाही. बाबासाहेबांनी स्वतः छापलं. पंजाबच्या भूमीवर जे भाषण झालं नाही त्याचा विषय जात मोडायचा होता, जात मिरवायचा नव्हता. आपण इकडे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जातीचं नाव टाकलं आणि बौद्ध झालो. तिकडे जातीचं नाव उचलून छातीवर लावलं गेलं. दोन्ही वाटा अपमानातूनच निघाल्या आहेत, म्हणून मी पंजाबच्या भावंडांना तुच्छ लेखणार नाही. आपल्याकडेही डीजेवर जात सांगून छाती फुगवणारी गाणी वाजतात आणि आपण तेव्हा कान झाकत नाही. पण वाट कुठे जाते ते सांगणं मैत्रीचंच लक्षण आहे.

दुसरं गाणं 'फॅन बाबा साहिब दी'. मला हे गाणं जास्त मोलाचं वाटतं, कारण यात पंजाबी पॉपच्या बाजारात संविधान लिहिणाऱ्याचं नाव एका मुलीच्या तोंडून आलं. पण त्यातला 'फॅन' हा शब्द मला खटकतो. आपण अनुयायी म्हणतो. अनुयायी म्हणजे मागोमाग चालणारा, त्याला पाय लागतात. फॅनला पाय लागत नाहीत, तिकीट लागतं. फॅन नटाचा असतो, क्रिकेटवाल्याचा असतो. तो टाळ्या वाजवतो, फोटो काढतो, घरी जातो. बाजाराला अनुयायी विकता येत नाही, फॅन विकता येतो. गिन्नीने हा शब्द सहज वापरला असेल, आपल्या वयाच्या पोरांना कळावा म्हणून. पण सहज आलेल्या शब्दातच काळ दिसतो, म्हणून समीक्षकाने तिथेच थांबायचं असतं.

आता बातमीवाल्यांकडे येऊ. २०१६ साल आठवा. १७ जानेवारीला हैदराबादेत रोहित वेमुला गेला. ११ जुलैला गुजरातेत उना घडलं. इंग्रजी वर्तमानपत्रांना त्या वर्षी दलित तरुणाईचा एक चेहरा हवा होता, रागावलेला पण देखणा, गाणारा, फोटोत चांगला येणारा. गिन्नी त्यांना सापडली. मग मुलाखती, मथळे, कॅमेरे. २०१८ मध्ये जर्मनीतल्या बॉन इथल्या जागतिक माध्यम परिषदेत ती बोलली. पोरीचं कौतुक आहेच. पण यातल्या किती जणांनी दुसरा अल्बम ऐकून त्याच्या चालीबद्दल दोन वाक्यं लिहिली? माझ्या वाचनात तरी आलं नाही. त्यांना गुरूचं गाणं नको होतं, डेंजरचं हवं होतं. समाजाच्या मेळाव्यात उलटं : तिथे गुरूचं गाणं आधी, बाकीचं नंतर. म्हणजे एकाच गळ्याला दोन गिऱ्हाइकं, दोघं वेगवेगळा माल मागतात, आणि गळ्याला स्वतःला काय गायचं आहे हे कोणीच विचारत नाही. व्यापारी यश मोजलं जातं ते असं.

हे पंजाबचं झालं. आता आपल्या घरात पाहू.

ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्यांचं राज्य होतं तोवर आपल्या शाहिराला स्टुडिओचा उंबरठा अवघड होता. १९८० च्या दशकात कॅसेट आली, स्वस्त, खिशात मावणारी. लहान कंपन्या निघाल्या आणि भीमगीतं फुटपाथवर, जत्रेत, दीक्षाभूमीच्या बाहेर सतरंजीवर विकायला आली. जामच्या चौकातून गाडी पकडून नागपूरला गेलेला माणूस येताना पुस्तक आणायचा आणि कॅसेटही. ही मोठी क्रांती होती आणि ती बाजारानेच घडवली, हे कबूल केलं पाहिजे. पण बाजाराने त्याची किंमतही वसूल केली.

दोन नावं घ्या. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे. दोघेही २००४ साली गेले. वामनदादांनी गावोगाव पायपीट करून हजारो गाणी लिहिली, गायली आणि हातात फारसं काही न घेता गेले. प्रल्हाद शिंद्यांच्या पहाडी आवाजाने भीमगीतंही गायली आणि विठ्ठलाची गाणीही. पंढरीच्या वाटेवर आजही त्यांचाच आवाज वाजतो. त्यांना दोष देणं सोपं आहे. घर चालवायचं होतं आणि कंपनीकडे दोन खण होते : एक देवाचा, एक भीमाचा. देवाच्या खणाला बाराही महिने गिऱ्हाईक. भीमाचा खण एप्रिलात आणि दसऱ्याला उघडायचा. मुद्दा हा की भीमाचा खण बारा महिने उघडा ठेवायची जबाबदारी कंपनीची नव्हती. आपली होती. आपण ती उचलली नाही.

आणखी जवळचं सांगतो. आपल्या शेजारच्या हिंगणघाटची वैशाली माडे २००९ मध्ये हिंदी 'सा रे ग म प' जिंकली. साऱ्या जिल्ह्याने एसएमएस पाठवले, पैसे खर्च केले, रात्र रात्र टीव्हीपुढे बसले. पुढे २०१५ मध्ये श्रेया घोषालबरोबर 'पिंगा' गायली, तेही सर्वांना ठाऊक आहे. पण यापलीकडे तिची पाच गाणी सांगा म्हटलं तर एसएमएस पाठवणारे खाली पाहतात. जिंकेपर्यंत ती आपली, जिंकल्यावर ती टीव्हीची. आपण मत दिलं, कान दिला नाही.

मग आपण काय ऐकतो? १४ एप्रिलची रात्र डोळ्यांपुढे आणा. ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर, लाल-निळे दिवे, आणि गाण्याचा एक शब्द कळू नये एवढा आवाज. वर्गणीचा मोठा वाटा डीजेवाला घेऊन जातो. मागच्या मिरवणुकीत आमच्या वॉर्डातली एक आजी माझ्याजवळ उभी होती. म्हणाली, "बापू, आमच्या टाइमले गानं बसून आयकत होतो. आता गानं छातीवर आदळते, कानात काई जात नाई." एवढी नेमकी समीक्षा मी कोणत्याही मासिकात वाचली नाही. छातीवर आदळणारं गाणं फॅन तयार करतं. कानात जाणारं गाणं माणूस तयार करतं.

तेव्हा मित्रांनो, गिन्नी माहीच्या दुसऱ्या अल्बमपासून मी जे घेतो ते असं. बाजाराला शिव्या देऊन भागणार नाही. आपल्या गाण्याचा बाजार दुसरा-तिसरा कोणी नाही, आपणच आहोत. वर्गणी आपली, मोबाइल आपले, मिरवणूक आपली. जालंधरच्या पोरीला जयंतीचं गाणं मागितलं गेलं, तिने जयंतीचं दिलं. डेंजर मागितलं, डेंजर दिलं. उद्या कोणी तिच्याकडे बेगमपुरा मागितला, जमिनीच्या एक तृतीयांश हिश्शाचं गाणं मागितलं, तर त्या गळ्यात ते गाण्याची ताकद आहे याबद्दल मला शंका नाही. पण मागणारा पाहिजे.

आपल्यापुरतं बोलायचं तर येत्या जयंतीला डीजेच्या पैशातून निम्मे बाजूला काढा. आपल्या तालुक्यात गाणी लिहिणारे आहेत, गिरडपासून जामपर्यंत आहेत, कोणाच्या वहीत, कोणाच्या तोंडात. त्यांच्याकडे नवं गाणं मागा. फुकट मागू नका, मानधन द्या. विषय सांगा : कापसाचा भाव, रखडलेली शिष्यवृत्ती, शहरात बंद दाराआड विचारली जाणारी जात. गाणं तयार झालं की विहारात बसून ऐका, स्पीकर बारीक ठेवून. आवडलं तर का आवडलं ते सांगा, नाही आवडलं तर तोंडावर सांगा. आपला आहे म्हणून फसलेलं गाणं गोड मानून घेणं हा त्या गायकाचा अपमान आहे. तसं प्रस्थापित आपल्याशी वागतात, आपण आपल्याशी तसं वागायचं काही कारण नाही.

आणि ऐकून झालं की लिहा. पान-अर्धं पान लिहा, शुद्धलेखनाची चिंता करू नका. माझं गिन्नीबद्दलचं म्हणणं पटलं नसेल तर तेही लिहा. फक्त आधी तिचा दुसरा अल्बम ऐका, मग भांडायला या. न ऐकता भांडणारे बाहेर पुष्कळ आहेत.